आरशाचा आवाज

व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईंनी शेवटचा सूर अजून सोडला नव्हता. तो बारीक करत करत त्या अशा ठिकाणी घेऊन गेल्या होत्या, की तो वाजतोय की आपल्याला नुसता आठवतोय हेच कळेना. सभागृहातल्या सर्दीवाल्यांनीसुद्धा खोकला गिळून धरला होता. आणि नेमका तेव्हा माझा कॅमेरा वाजला. खटाक. आयुष्यभर हा आवाज ऐकत आलो, पण तो एवढा मोठा आहे हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. बाईंचा गज थांबला. त्या रागावल्या नाहीत, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्यांनी डोळे उघडले आणि खांबाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, गाढ झोपेतून उठवलेलं माणूस उठवणाऱ्याकडे पाहतं तसं, म्हणजे अजून ओळख न पटता. मग त्यांनी गज पुन्हा टेकवला, सूर पुन्हा निघाला, पण तो दुसराच होता. हे त्यांना कळत होतं, मला कळत होतं, आणि पुढच्या दोन रांगांतल्या ज्या माना माझ्याकडे वळल्या होत्या त्यांनाही कळत होतं. टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर पाहिलं. फोटो मात्र झकास आला होता. डोळे मिटलेले, गज तारेच्या टोकाशी, आणि चेहऱ्यावर ते जे काही होतं ते, जे मी पुढच्याच क्षणी मोडलं होतं.

पूर्वी असं होत नसे. पूर्वी त्या सभागृहात आम्ही चार-पाच फोटोवाले असायचो, सगळ्यांचेच कॅमेरे खटाक-खटाक करायचे, आणि छतावर पाऊस पडत असावा तसं लोक ते धरूनच चालायचे. कुणाचा आवाज कुठला हे कुणी विचारत नसे. मग एकेकानं कॅमेरा बदलला. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला. एकेक जण मुका होत गेला आणि मला पत्ताच लागला नाही, कारण कोण वाजायचं थांबलं हे कुणाच्या लक्षात येतं? शेवटी वाजणारा मी एकटा उरलो. त्या संध्याकाळी कार्यक्रम संपल्यावर बाहेर खुर्च्या एकात एक रचणं चालू होतं, तेव्हा व्यवस्थापक माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. सभ्य माणूस. तिकिटाच्या खिडकीपासून वर चढत आलेला, त्यामुळे कुणाला कसं बोलायचं हे त्याला पक्कं ठाऊक. आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, मग बायकोच्या तब्येतीची, आणि तिसऱ्या वाक्याला म्हणाले, “राग मानू नका. पुढच्या महिन्यात एकट्या गायकाचा कार्यक्रम आहे, माइकसुद्धा नाही. तेव्हा आवाज न करणारा आणा. नाहीतर…” त्यांनी पुढचं वाक्य सोडून दिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. वाक्य पुरं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मी बरं म्हणालो आणि पिशवी उचलून चालू लागलो.

घरापर्यंतचा रस्ता मी नेहमी चालतच जातो. दुकानं बंद होत होती, लोखंडी दारं खडखडाट करत खाली येत होती, बसचे ब्रेक किंचाळत होते, एक बाई फोनवर कुणाला तरी तारस्वरात समजावत होती की मी ओरडत नाहीये. सगळं जग मनसोक्त आवाज करत होतं आणि त्यात माझ्या पिशवीतला एक खटाक तेवढा जास्त झाला होता. हा आवाज कसला, हे मला पूर्वी बऱ्याच जणांना समजावून सांगावं लागायचं. लोकांना वाटतं तो बटणाचा. तो आरशाचा असतो. लेन्समधून आत आलेला उजेड एका तिरप्या आरशावर पडतो, आरसा तो वर आपल्या डोळ्याकडे धाडतो, म्हणून आपल्याला समोरचं माणूस दिसतं. बटण दाबलं की आरसा वाट मोकळी करायला उडी मारून वर आदळतो, उजेड मागे जातो, फोटो निघतो, आरसा परत खाली. आरसा वर असतो तेवढा वेळ फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यापुढे काळोख. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघतो तो क्षण फोटो काढणाऱ्याला कधीच दिसत नाही. लग्नानंतर पहिल्या काही दिवसांत मी मोठ्या ऐटीत हे बायकोला समजावून सांगितलं होतं. ती तेव्हा कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, “म्हणजे पुढे सगळ्या जगाला दिसणार, आणि तुम्हालाच दिसलेलं नसणार. शिवाय ज्यात आपलं तोंड दिसत नाही तो कसला मेला आरसा?” माझी एवढी विद्या तिनं एका टॉवेलच्या घडीत गुंडाळून कपाटात ठेवून दिली.

आणि ती डोळे मिटायची. प्रत्येक फोटोत. आरसा वर आदळला की त्या आवाजानं तिच्या पापण्या खाली यायच्या, आणि आतला शटरचा पडदा उघडेपर्यंत त्या पूर्ण मिटलेल्या असायच्या. इतक्या नेमक्या वेळेवर डोळे मिटणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि माणसांचे चेहरे पाहणं हाच माझा धंदा. मी नाना युक्त्या केल्या. तीन म्हणेन असं सांगून दोनला बटण दाबलं. बोलण्यात गुंतवून दाबलं. लांबची लेन्स लावून रस्त्याच्या पलीकडून दाबलं, तर तिथूनही तिला ऐकू गेलं. पाठमोरी असेल तेव्हाचे फोटो तेवढे बरे आले. एकदा ओळखपत्रासाठी तिनं जिद्दीनं डोळे ताणून धरले, आणि त्या फोटोत ती घरात चोर शिरलेला पाहिल्यासारखी दिसते. पुढची कित्येक वर्षं प्रत्येक कार्यालयातला माणूस ते ओळखपत्र पाहून आधी दचकायचा आणि मग शिक्का मारायचा. आमची मुलगी शाळेत असताना तिनं घरच्या अल्बमात फोटोंखाली पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, “आई झोपली, समुद्रकिनारा. आई झोपली, माझं बक्षीस. आई उभ्याउभ्या झोपली, बाबांचं प्रदर्शन.” प्रत्येक फोटोनंतर बायको विचारायची, “अहो, मिटले ना माझे?” आणि मी म्हणायचो, “छे, उघडेच आहेत.” रोलच्या जमान्यात ही थाप रोल धुऊन येईपर्यंत टिकायची. डिजिटल आल्यावर बायको समोरून उठून माझ्यापर्यंत चालत येईपर्यंतच टिकायची. पण प्रश्न तोच राहिला आणि उत्तरही तेच राहिलं. बाकीच्या नवराबायकोंचं काहीतरी वेगळं असेल, आमचं हे होतं. आता वाटतं, त्या सगळ्या फोटोंत तिच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडांना एक हसू सुरू झालेलं असतं. आपण पुन्हा फसलो हे तिला आधीच कळलेलं असायचं.

घरी पोचलो तेव्हा मुलगी आलेली होती. तिचं घर जवळच आहे, ऑफिस सुटलं की ती आधी इकडे येते आणि मग तिच्या घरी जाते. बायको खिडकीजवळच्या खुर्चीत होती. आधी किल्ल्या गेल्या, मग वस्तूंची नावं गेली, मग माणसं गेली. मी शेवटच्या काही जणांत होतो, एवढाच माझा मान. एका सकाळी तिनं मला अतिशय अदबीनं विचारलं होतं की तुम्हाला कुणाला भेटायचंय. नंतर तिचं बोलणंही आटत गेलं. आता ती बहुतेक बोलतच नाही. सांगितलं तर उठते, भरवलं तर खाते, खिडकीतून बाहेर पाहते, आणि बाहेर काय आहे याच्याशी त्या पाहण्याचा काही संबंध नसतो. दिवसा सांभाळणाऱ्या एका संस्थेत तिला जागा मिळत होती. त्यासाठी ओळखपत्र लागणार होतं, आणि मुलगी टेबलावर सगळे अल्बम पसरून त्यात डोकं घालून बसली होती. मी बूट काढेपर्यंत ती पानं उलटत राहिली. मग म्हणाली, “बाबा, सबंध घरात आईचा डोळे उघडे असलेला एक फोटो नाही. त्या जुन्या ओळखपत्राशिवाय. आणि ते पाहून ते लोक आईला घेणार नाहीत. फोनवर काढलेला त्यांना चालत नाही.” मी म्हणालो, दिव्याखाली अंधार. ती हसली नाही. मी सभागृहातली गोष्ट तिला सांगितली, म्हणजे हसण्यावारी नेत सांगितली, आणि तिनं अल्बम मिटत म्हटलं की मग घ्या ना एकदाचा नवा, तुमचंही काम होईल आणि आईचा फोटोही निघेल. तिच्या बोलण्यात काही चूक नव्हती. तिच्या बोलण्यात सहसा चूक नसतेच, हे तिनं आईकडून उचललंय.

दुकानदार माझा जुना मित्र. त्याच्याच काउंटरवर मी पहिला कॅमेरा घेतला होता, आणि त्याच काउंटरच्या दोन बाजूंना उभे राहून आम्ही दोघं म्हातारे झालो. मी नवा कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट केला, तो हलका आहे अशी तक्रार केली, बटणं फार आहेत अशी केली, आणि बटणं फार लहान आहेत अशीही केली. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, “हातच्या काकणाला आरसा कशाला? दोन दिवस घरी घेऊन जा, स्वतःच बघ.” आणि आरसा नसलेल्या कॅमेऱ्याबद्दल आपण काय बोललो हे लक्षात येऊन स्वतःच इतका हसला की गिऱ्हाईकं पाहायला लागली. मग त्यानं माझा जुना उचलला, डोळ्याला न लावता कानाला लावला, आणि खटाक केलं. डॉक्टर पाठीला नळी लावून ऐकतात तसं ऐकलं. म्हणाला, आरशाची स्प्रिंग दमलीय. हा भाग आता बनत नाही, कुठे मिळणारही नाही. चालतोय तोवर चालेल. जुना आणि त्याच्या लेन्सेस असं सगळं देशील तर नव्याचं जमवून देतो, नुसत्या नव्याचं तुला झेपणार नाही. हे त्यानं हळू आवाजात सांगितलं, कारण गिऱ्हाईकं अजून पाहत होती. मी दोन्ही कॅमेरे पिशवीत घालून घरी आलो.

नव्यात डोळा घातला की आत एक छोटा टीव्ही असतो. समोरचं माणूस दिसत नाही, समोरच्या माणसाचं चित्र दिसतं; फार सुंदर, प्रत्यक्षापेक्षा थोडं उजळ. जुन्यात निदान तिच्या चेहऱ्यावरून निघालेला उजेडच माझ्या डोळ्यात यायचा, आरशावर एकदा आपटून का होईना. हे मी मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, बाबा, पत्र आणि फोन यात तुम्हाला पत्रच खरं वाटणार. खुर्ची खिडकीकडे जराशी वळवली, मुलीनं पाठीमागे पांढरी चादर धरली, मी बायकोचे केस कानामागे सारले. तिनं सारू दिले. मग मी मागे सरकून डोळा लावला आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. म्हणजे झालं होतं, पण कळलं नाही. आवाज नाही, काळोख नाही, बोटाखाली धक्का नाही. चादरीमागून मुलीनं विचारलं, काढला का? मी म्हणालो, काढतोय. मी दाबत होतो आणि बायकोला पाहत होतो, मधे एक क्षणही न तुटता. इतक्या वर्षांत तिचा फोटो निघत असताना मी तिला पहिल्यांदा पाहत होतो. तिचे डोळे उघडे होते. ते उघडेच राहिले. मुलगी चादर टाकून धावत आली आणि माझ्या खांद्यावरून पडद्यावर वाकली. “आईचे डोळे!” ती म्हणाली, आणि खरोखरीच लहानपणी बक्षीस मिळाल्यावर हसायची तशी हसली. मग ते हसणं कमी कमी होत गेलं. तिनं एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला पाहिला. म्हणाली, “चांगला आलाय. चालेल त्यांना.” आणि मग, माझ्याकडे न पाहता, “ती कुठे बघतेय, बाबा?”

ती माझ्याकडे बघत होती. बरोबर लेन्समध्ये. नजर सरळ, डोळे स्वच्छ, डाव्या बुबुळात खिडकीचा छोटा चौकोनसुद्धा आलेला; अशी स्पष्टता मला जन्मात कधी साधली नव्हती. आणि त्या डोळ्यांत कुणी नव्हतं. रोज मी हे पाहतच होतो, पण रोज पाहताना माणूस स्वतः थोडं थोडं भरत जातो, आत्ता तिला बरं वाटतंय, आत्ता तिला ऊन लागतंय, असं आपणच तिच्या वतीनं म्हणत राहतो. फोटोत भर घालता येत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. जन्मभर ज्या फोटोसाठी मी झुरलो तो माझ्या हातात होता, एकाला दहा होते, आणि मला तो फाडून टाकावासा वाटत होता, पण पडद्यावरचं फाडता येत नाही. मला रडू आलं. मुलीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तीही रडली, आणि बायको दोघांकडे पाहत राहिली, दोन अनोळखी माणसं कशाला रडतायत याचंही तिला काही वाटलं नाही. ओळखपत्रासाठी त्यांतलाच एक फोटो आम्ही पाठवला. संस्थेनं तो ताबडतोब मान्य केला.

त्या दिवशी चादरीची घडी घालायला मुलगी आत गेली, तेव्हा मी केवळ सवयीनं जुना उचलला. खिडकीचा उजेड दोन्हींत किती वेगळा येतो हे पाहायचं होतं, एवढंच. डोळा लावला, दाबलं. खटाक. डोळ्यापुढे तो ओळखीचा काळोख. मग पडद्यावर पाहिलं तर तिचे डोळे मिटलेले. मी मुलीला हाक मारली, तिनं पाहिलं, म्हणाली, योगायोग असेल. मी पुन्हा दाबलं. पुन्हा मिटलेले. आणि मिटलेल्या डोळ्यांच्या कडांना, मी शपथेवर सांगणार नाही, पण कडांना काहीतरी होतं. मुलगी हुशार; ती म्हणाली की बाबा, ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, आवाज झाला की कुणाच्याही पापण्या लवतात, त्याला मेंदूत कुणी असावं लागत नाही. ते खरं असणार. पण दोनच दिवसांपूर्वी घरी तिला सांभाळायला येणाऱ्या बाईंच्या हातून बायकोच्या पाठीमागे स्टीलचं ताट पडलं होतं, अख्खं घर हादरलं, शेजारी विचारायला आले, आणि हिची पापणी लवली नव्हती. मुलीनं मग नव्या कॅमेऱ्यात शोध घेतला. त्याला खोटा आवाज काढायची सोय असते, ज्यांना मुकेपणाची भीती वाटते त्यांच्यासाठी; तीन तऱ्हेचे खटके. तिन्ही वाजवले. बायको पाहत राहिली. मग मुलीनं जुन्याचा आवाज फोनवर उचलून घेतला आणि आईच्या कानाशी नेऊन ऐकवला, एकदा, दोनदा. काही नाही. फोनमधला आवाज तिला फोनमधलाच वाटला असेल, किंवा काहीच वाटलं नसेल. मुलगी हट्टाला पेटली, माझ्या हातातून जुना घेऊ लागली, आणि मी एकदम म्हणालो, “असू दे. उगाच वाजवू नकोस.” माझा आवाज मलाच तीक्ष्ण लागला. मला दुकानदाराचं बोलणं आठवलं होतं, की स्प्रिंग दमलीय.

नंतरचे दोन दिवस मी नवा घेऊन घरभर फिरलो. पडदे काढले, कपबशा काढल्या, स्वतःचे पाय काढले. तो कॅमेरा चांगला आहे, हे मी कबूल करून टाकतो, म्हणजे तो विषय संपेल. अंधारात त्याला दिसतं, माणसाचा डोळा तो आपणहून शोधून धरतो, माझ्या थरथरणाऱ्या हाताला सावरून घेतो. माझ्या वयाच्या माणसाला अशी काठी कोण नाकारेल? आणि सभागृह सोडवत नव्हतं. दुपारभर खुर्चीसमोर बसून राहिल्यावर संध्याकाळी त्या खांबाशी उभं राहणं हेच माझं बाहेरचं जग होतं. तिथे कुणीतरी काहीतरी करत असे आणि ते करताना त्याच्या चेहऱ्यावर दिसत असे. ते गेलं असतं तर मी या खोलीत कसा राहिलो असतो, ते मला माहीत नाही. पण कॅमेरा देऊन टाकायचा म्हणजे काय द्यायचं होतं? लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यातलं तिच्या बाजूनं उरलेलं सगळं एका पापणीइतकं होतं, आणि ते त्या दमलेल्या आरशाशी बांधलेलं होतं. दिला तर संपलं. ठेवला तरी वापरून संपणार, आणि न वापरावा तर ठेवायचा कशाला. हे गणित मी खुर्चीसमोर बसून पुन्हा पुन्हा केलं. तिला विचारलंसुद्धा. पूर्वी तिला विचारल्याशिवाय मी कधी काही घेतलं नव्हतं, आणि तिनं कधी सरळ उत्तर दिलं नव्हतं. ती म्हणायची, तुमचं ठरलेलं असतं, मला फक्त साक्षीदार करता. त्या दुपारी तिनं तेवढंही म्हटलं नाही.

एक गोष्ट मला दुकानाच्या वाटेवर सुचली, म्हणजे अगदी दारात. धंद्यातल्या माणसालाच सुचावी अशी ती मूर्खपणाची गोष्ट होती. कॅमेऱ्याला वाजायला लेन्स लागत नाही. पुढची लेन्स काढून टाकली तर त्याला काही दिसत नाही, त्यातून फोटो निघत नाही, पण आरसा आतच असतो, आणि बटण दाबलं की तो उडतो. मी काउंटरवर माझ्या तिन्ही लेन्सेस एकापुढे एक मांडल्या. लांबच्या लेन्सवर, जिच्यातून मी बायकोला रस्त्यापलीकडून गाठायला गेलो होतो, एक जुना ओरखडा होता, तो मी रुमालानं पुसला, जसा काही तो पुसला जाणार होता. मग नुसतं कॅमेऱ्याचं धड उचलून पिशवीत परत ठेवलं आणि म्हणालो, हे देणार नाही. दुकानदार म्हणाला, “लेन्सशिवाय त्याचं करणार काय? कागदावर ठेवायला वजन?” मी म्हणालो, वाजवायला. तो हसायच्या बेतात होता. मग माझ्याकडे पाहून थांबला. आमच्या लग्नात त्यानं फोटो काढले होते, आणि त्या सगळ्या फोटोंत नवरी झोपलेली आहे हे शहरात माझ्याखालोखाल त्यालाच ठाऊक होतं. लेन्सेसवरच जमवतो म्हणाला, किती हातचं सोडलं ते सांगितलं नाही. खालचा खण बराच वेळ धुंडाळून एक काळं झाकण काढलं, माझ्या पिशवीतून कॅमेरा बाहेर घेतला, आणि लेन्सच्या रिकाम्या तोंडावर ते फिरवून बसवलं. “आत धूळ जाईल,” तो म्हणाला.

गायकाच्या कार्यक्रमाला मी नवा घेऊन गेलो. माइक नव्हता, सभागृहात शेकडो माणसं श्वास जपून घेत होती, आणि मी त्याच खांबाशी उभा राहून हवे तेव्हा हवे तितके फोटो काढले. एकही मान वळली नाही. व्यवस्थापकांनी लांबून मान डोलावली. मला वाटलं होतं बरं वाटेल, आणि थोडं वाटलंही. पण गायकानं डोळे मिटून एक सूर धरला तेव्हा मी बटणावर बोट ठेवून आपोआप अंग आखडून उभा होतो, काळोखाची वाट पाहत, आणि तो आलाच नाही. सगळं दिसत राहिलं. मी तिथे आहे की नाही हे कुणालाच कळायचं कारण नव्हतं, आणि घरी परतताना वाटेत मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोला संस्थेतून घरी आणलं, खुर्चीत बसवलं, पायांवर पांघरूण घातलं. तिच्या गळ्यात तो ओळखपत्राचा बिल्ला तसाच होता, उघड्या डोळ्यांचा. तो मी काढून उपडा ठेवला. मुलगी यायला अवकाश होता. समोरची खुर्ची ओढून मी इतका जवळ बसलो की आमचे गुडघे टेकत होते, आणि कॅमेरा पिशवीतून काढून मांडीवर घेतला. त्यावरचं काळं झाकण तिच्याकडे होतं. डोळ्याला लावायचा प्रश्नच नव्हता, आत काही दिसणार नव्हतं. फोटो निघणार नव्हता, त्यामुळे उजेड पाहायचा नव्हता, केस सारायचे नव्हते, दोनला दाबायचं की तीनला हेही ठरवायचं नव्हतं. माझे दोन्ही डोळे मोकळे होते. मी तिच्याकडे पाहिलं आणि पाहत पाहतच दाबलं.

खटाक.

आधी भुवयांच्या मधली कातडी किंचित वर गेली. मग पापण्या आल्या, माझ्या कल्पनेपेक्षा हळू, आणि दोन्ही एकदम नाही, डावी कणभर आधी. त्या पूर्ण टेकल्या. गालांवर, डोळ्यांच्या अगदी खाली, एक घडी पडली आणि ती कडांपर्यंत गेली, आणि क्षणभर माझी बायको, अल्बमातल्या प्रत्येक पानावर आहे ती, समुद्रकिनाऱ्यावरची, बक्षिसाच्या दिवशीची, माझ्या प्रदर्शनात उभ्याउभ्या झोपलेली, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेली होती. इतकी वर्षं हे माझ्यासमोर होत आलं होतं आणि मी ते एकदाही पाहिलं नव्हतं. मग घडी विरली. पापण्या वर गेल्या. तिचे डोळे पुन्हा स्वच्छ, सरळ आणि रिकामे झाले.

मी पुन्हा दाबलं नाही. उद्यासाठी असू दे म्हटलं. झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं, आणि तिच्या प्रश्नाची वाट पाहत बसलो. खिडकीतलं ऊन पांघरुणावरून तिच्या हातांवर आलं. ती काही विचारणार नव्हती, हे मला माहीत होतं. तरी मी थोडा वेळ थांबलो, कारण ती नेहमीच जरा उशिरा विचारायची.

“छे,” मी तिला म्हणालो, “उघडेच आहेत.”